चकतीला 'घातक लहर' वेगळी ओळखू येत नाही

'मोबाईलच्या पाठीला नाण्याएवढी सात थरांची मेटामटेरियल चकती चिकटवा. घातक लहरी गाळल्या जातील, सिग्नलला धक्का लागणार नाही' असा मजकूर जिकडेतिकडे फिरतो आहे. मेटामटेरियल, म्हणजे लहरीहून लहान नक्षी ओळीनं मांडून लहरींना हवं तसं वळवणारा मुद्दाम घडवलेला पदार्थ, ही खरीखुरी आणि फार देखणी गोष्ट आहे, म्हणूनच तिच्या नावावर हे खपवलेलं पाहून वाईट वाटतं.

'घातक अडतं, कामाचं जातं.' गाळणीला लहरीचा हेतू कळत नाही. तिला कळते वारंवारिता (लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते), लहर कोणत्या कोनातून आली ते आणि तिचं ध्रुवीकरण, म्हणजे ती कोणत्या दिशेनं डोलते ते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी पाहा. भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. आतल्या लहरीची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, ती अडते. प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तो आरपार येतो आणि आतलं भांडं दिसतं. दोन लहरी वेगळ्या आहेत म्हणून हे जमतं. फोनमध्ये मात्र तुमचा आवाज वाहून नेणारी लहर आणि डोक्यात थोडीफार शोषली जाणारी लहर एकच. ती अडवली की बोलणंच तुटतं.

'सात थर म्हणजे सातपट गाळण.' थरांना अर्थ आहे, पण तो असा नाही. प्रत्येक थरावर तरंगलांबीपेक्षा खूप लहान अशा धातूच्या कड्या किंवा चौकटी ओळीनं मांडलेल्या असतात आणि त्या ठरावीक वारंवारितेलाच झंकारतात. खरी करामत थरांमधल्या अंतरात आहे. ते नेमकं साधलं, की एका थरावरून परतलेली लहर दुसऱ्या थरावरून परतलेलीला खोडते किंवा जोर देते. मग गाळणी ज्या वारंवारितांवर काम करते तो पट्टा रुंद होतो, त्याच्या कडा धारदार होतात. नेहमीच्या रचनेत हे अंतर तरंगलांबीच्या चौथाईच्या आसपास असतं. मोबाईलच्या १८०० मेगाहर्ट्झ वारंवारितेला हवेत ते सुमारे ४ सेंटिमीटर भरतं. हुशार रचनेनं जाडी बरीच घटते, हे खरं. पण हिशेबाशिवाय एकावर एक चिकटवलेले सात पापुद्रे म्हणजे गाळणी नव्हे.

'डोक्याकडची अडते, टॉवरकडची जाते.' वीज किंवा चुंबक न वापरणाऱ्या अशा थरांतून लहर एका दिशेनं जितकी जाते तितकीच उलट दिशेनंही जाते. शिवाय चकती फोनच्या पाठीला आणि कान समोर. १८०० मेगाहर्ट्झची १६-१७ सेंटिमीटर लांबीची लहर नाण्याएवढ्या चकतीला सहज वळसा घालते.

'लावून बिघडतं काय?' तिनं खरंच काही अडवलं, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपल्या लहरीची शक्ती वाढवतो. दुसरा धोका पदार्थाचाच. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं अशा दहा वस्तूंविरुद्ध इशारा दिला. फाइव्ह-जीपासून संरक्षण म्हणून विकली जाणारी लॉकेटंही त्यांत होती. त्या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या.

काळजी वाटत असेल तर स्पीकरवर बोला किंवा वायरचा इअरफोन लावा. अंतर वाढलं की लहरीचा जोर झपाट्यानं घटतो. आणि सिग्नलची एकच काडी दिसत असेल तेव्हा फोन कानाला लावून लांबलचक बोलू नका, कारण त्या वेळी तो सगळ्यात जास्त जोर लावत असतो.