गुणांआधी हंगाम हवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात जुना वाद पुन्हा पेटतो: खेळाडूंना सवलतीचे गुण द्यावेत का? मागोमाग सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण येतं, बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं येतात. इथे अमेरिकेतल्या आयोवा सिटीत बसून मी हे सगळं वाचते तेव्हा बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कची कॉलेजची चार वर्षं आठवतात. आपण भांडतोय ते बक्षिसावर. मुलींनी खेळायचं कुठे आणि कुणासमोर, हे कुणी विचारतच नाही.

क्लार्क याच राज्यातली, वेस्ट डेस मॉइन्सची. 2020 ते 2024 ती आयोवा विद्यापीठाची पॉइंट गार्ड होती. चेंडू पुढे आणायचा, डाव रचायचा, मोकळी सहकारी हेरून तिच्या हातात चेंडू द्यायचा, हे तिचं काम. तिच्या 3,951 पॉइंटांचा विक्रम जगभर गाजला. मला मात्र तिचे 1,144 असिस्ट जास्त मोलाचे वाटतात, कारण पास कितीही सुरेख असला तरी सहकारीनं बास्केट केल्याशिवाय असिस्ट मोजलाच जात नाही.

ही खेळाडू आयोवात घडली यामागे मोठा इतिहास आहे. या राज्यात शाळेतल्या मुली कित्येक दशकं सहा-सहा जणींचं वेगळंच बास्केटबॉल खेळत. तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त बचाव करणार. मधली रेषा ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा घेणार. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू नेणारी पॉइंट गार्ड त्या खेळात असूच शकत नव्हती! तरीही गावंच्या गावं राज्य स्पर्धेला लोटत. 1993 मध्ये हा प्रकार बंद झाला, पण मुलींचा सामना बघायला जायची सवय राहिली. क्लार्कच्या वेळी सहायक प्रशिक्षक असलेल्या आणि आता मुख्य प्रशिक्षक झालेल्या जॅन जेन्सन स्वतः 1987 मध्ये त्या खेळात सामन्यामागे सरासरी 66 पॉइंट करत होत्या. 1972 च्या कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी घातली, त्याचं बळ आहेच. तरी कायद्यानं प्रेक्षक येत नाहीत.

ते इथे आले. ऑक्टोबर 2023 मध्ये फुटबॉलच्या स्टेडियमवर झालेल्या आयोवाच्या मुलींच्या एका साध्या प्रदर्शनीय सामन्याला 55,646 माणसं होती. 2024 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतला महिलांचा अंतिम सामना टीव्हीवर सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा सुमारे 1 कोटी 48 लाखांनी. आयोवा तो हरलं, आदल्या वर्षीचाही हरलं होतं.

इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. 2021 पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे मिळवायलाही मनाई होती. आता पैसा आला आणि दरवर्षी कॉलेज बदलणारेही वाढले. 2024 मध्ये व्यावसायिक महिला लीगमध्ये संघ 12 आणि प्रत्येकात जास्तीत जास्त 12 जागा. बाकीच्यांपैकी बहुतेकींचा खेळ पदवीबरोबर संपतो. आपल्याकडे रेल्वेत नोकरी लागलेली मुलगी पगार घेत पुढेही खेळत राहते. ही सोय अमेरिकेत नाही आणि ती आपण जपलीच पाहिजे.

पण त्या नोकरीपर्यंत पोचायच्या मधल्या वर्षांत आपण मुलींना काय देतो? इथे नोव्हेंबर ते मार्च तीसेक सामने होतात, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा काही दिवसांत उरकते, मग विभागीय आंतरविद्यापीठ, मग अखिल भारतीय, आणि हरलं की वर्ष संपलं. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. तिला कॉलेजच्या जर्सीत खेळताना किती पुणेकरांनी पाहिलं असेल?

आपल्या मुलांना कॉलेजचा अभिमान नसतो, असं मात्र कुणी सांगू नये. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा’ची आरोळी ऐकलेल्या कुणालाही ते पटणार नाही. तोच आवाज बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला का नसावा? फर्ग्युसन, एसपी, बीएमसीसी या पुण्यातल्या कॉलेजांमधलं अंतर चालत जाण्याइतकं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी, एकदा आपल्या आणि एकदा समोरच्यांच्या कोर्टवर अशी मुलींची लीग सुरू करायला नवी इमारत लागत नाही. दिवे, पंच आणि वेळापत्रक लागतं. सामने संध्याकाळी सहानंतर ठेवावेत म्हणजे आई-वडीलही येतील, आणि अंतिम सामना बालेवाडीत घ्यावा.