"पैसे पाण्यात गेले" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एकच स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण आम्ही बसवलेल्या ऑटोपायलटबद्दल, म्हणजे ठरल्या दिशेनं बोट आपोआप चालवणाऱ्या यंत्राबद्दल, "ऑटोपायलट बसवला तरी सर्व्हेची बोट नागमोडी चालते, दिशाही चुकीची दाखवतो, पैसे पाण्यात गेले" असं जाहीर लिहिलंत, म्हणून उत्तरही जाहीरच देतो.

पैठणला नाथसागरावर चाचणी घेतली तेव्हा बोट रेघ धरून चालली होती आणि तुमचा चालक सोबतच होता. आता तुमच्या माणसानं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. होकायंत्राच्या सेन्सरला खेटून गाण्याचा स्पीकर ठेवलाय! स्पीकरात लोहचुंबक असतो, मग दिशा चुकणारच. तो निदान मीटरभर लांब न्या आणि संथ पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशेची जुळवणी, पुन्हा करा.

नागमोडी चालीचं कारण मात्र वेगळं आहे. व्हिडिओत रडर गेनचा, म्हणजे दिशा ढळली की सुकाणू किती वळवायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगचा आकडा आम्ही ठेवला होता त्यापेक्षा बराच वर दिसतो. कुणीतरी "वाढवला की जोरात वळवेल" म्हणून वाढवला असणार. गेन जास्त झाला की बोट जराशी डावीकडे सरकली तरी यंत्र उजवीकडे भसकन वळवतं, मग परत डावीकडे. वेगात तर हे जास्तच, कारण वेग वाढला की सुकाण्याच्या थोड्या हालचालीनंही बोट वळते. खोली मोजताना आपण हळू चालतो, परतताना इंजिन मोकळं सोडतो. दोन्हीला एकच सेटिंग चालत नाही. गेन एकेक घर खाली आणा. मात्र फार कमी केलात तर बोट सुस्तावून भरकटेल. वळल्यावर ठरल्या दिशेच्या पुढे जाऊन परत येत असेल, तर काउंटर रडर, म्हणजे वळण थोपवायला सुकाणू उलट फिरवण्याचं सेटिंग, थोडा वाढवा. नाथसागर पसरट, वारा सुटला की लाटा उठतात. तेव्हा प्रत्येक लाटेमागं सुकाणू पळवू नका, लाटांच्या किरकोळ हेलकाव्यांकडे यंत्राला दुर्लक्ष करायला लावणारं सी-स्टेटचं सेटिंग वाढवा.

हे सगळं करण्याआधी स्टिअरिंग हातानं हलवून बघा. चाक फिरतं पण इंजिन जागचं हलत नाही, असा प्ले असेल तर कुठल्याच सेटिंगनं बोट सरळ चालणार नाही.

वॉरंटीत सेटिंगची फेरी मोफत आहे, बिलावर लिहिलेलंच आहे. येण्याआधी फोन करू. सकाळी वारा पडलेला असतानाची वेळ द्या, चालकाला हजर ठेवा. स्पीकरची वायरिंग हलवायची असेल तर तिचे पैसे वेगळे पडतील.