मांडीतली गोळी आणि व्हॉट्सॲपवरचे सर्जन

‘गोळी लागलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी वाचाच, डॉक्टर हे सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण तो माझ्या आत्याकडे पोचला, आणि तिच्या मुलाच्या मांडीत गावठी कट्ट्याची गोळी अजून आहे. भांडण दुसऱ्यांचं, सोडवायला गेला हा. सर्जननी जखम साफ केली, गोळी मुद्दाम आत ठेवली आणि घरी सोडलं. आता आत्याचं एकच पालुपद, "अरे, अर्धवट काम करून पाठवलंय त्याला. दुसरीकडे नेऊन काढून घेऊ."

मेसेजचा मुख्य दावाच तो आहे: गोळी आत राहिली की शिसं रक्तात उतरतं आणि माणूस काही आठवड्यांत संपतो. खरं तर गोळी जे नुकसान करते ते आत शिरताना करते. स्नायूत जाऊन थांबली की बहुतेक वेळा शरीर तिच्याभोवती चिवट आवरण तयार करतं. ती शोधायची तर धडधाकट स्नायू कापायचे, वाटेतल्या नसा आणि रक्तवाहिन्या धोक्यात घालायच्या. सांध्यात असेल, नसेवर किंवा मणक्याच्या पोकळीत दाब देत असेल, पू धरत असेल तर काढतातच. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि हत्यारं घालघालून ती शोधली. जखम चिघळली, १९ सप्टेंबरला ते गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती स्वादुपिंडामागे, आवरणात गुंडाळलेली. उलट अमेरिकेचेच माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत १९१२ साली शिरलेली गोळी काढलीच नाही; ते १९१९ पर्यंत जगले आणि गेले ते वेगळ्या कारणाने.

शिशाचं अगदीच खोटं नाही, हे मान्य करावं लागतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये २००३ ते २०१२ या काळातल्या नोंदी छापल्या. रक्तात शिसं वाढलेल्या प्रौढांपैकी ०.३ टक्के लोकांत कारण शरीरातले गोळीचे तुकडे होते. पण दर डेसीलिटर (१०० मिली) रक्तात ८० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असलेल्यांत हेच प्रमाण ४.९ टक्के. म्हणजे धोका दुर्मीळ, पण झाला तर गंभीर होऊ शकतो. सांध्यातल्या द्रवात बुडालेल्या गोळीचं शिसं जास्त विरघळतं. पोटदुखी, अशक्तपणा, रक्त कमी होणं, विसराळूपणा हे काही वर्षांनीही दिसू शकतं. त्यावर उपाय म्हणजे रक्तातलं शिसं तपासणं, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरला, एमआरआयच्या आधी तर नक्कीच, ‘आत गोळी आहे’ हे सांगणं. घाबरून चाकू चालवून घेणं हा उपाय नव्हे.

मेसेजमधले बाकीचे सल्लेही बघा. ‘गोळी तापलेली असते, जंतू मरतात, धनुर्वाताचं इंजेक्शन नको.’ काय बोलावं! गोळी कपड्याच्या चिंध्या आणि घाण सोबत घेऊन आत जाते. इंजेक्शन लागतं की नाही हे आधीच्या लसीवर ठरतं, गोळीच्या तापमानावर नाही.

‘ड्रेसिंग काढून हळद-तूप भरा.’ अशी जखम पुष्कळदा मुद्दाम उघडी ठेवतात, आतला स्राव बाहेर यावा म्हणून. तिथे तूप भरून तोंड बंद करायचं?

‘महिनाभर पलंगावरून हलू देऊ नका.’ पडून राहिलं की गुडघा आखडतो, मांडी सुकते, शिरेत गुठळी होते. हाड मोडलं असेल तर पायावर किती भार द्यायचा ते ऑर्थोपेडिक सांगतील. बाकी फिजिओथेरपी चुकवायची नाही. एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता इमर्जन्सी गाठायची.

‘रात्री दचकून उठतो म्हणजे मन कमकुवत.’ महिना उलटूनही फटाक्याला थरथरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

शेवटचा मुद्दा, ‘एफआयआरशिवाय हात लावत नाहीत, म्हणून गुपचूप ओळखीच्याकडे न्या.’ परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणाची (मेडिको-लीगल केस) नोंद हॉस्पिटल स्वतः करतं. गुपचूप नेलं तर ती नोंदच होत नाही, आणि पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करताना तीच मागितली जाते. आत्याच्या मुलाचा अर्ज आम्ही त्याच कागदावर भरतोय.