‘कुठलेही शूज चालतील, सोपा आहे’

सोसायटीच्या ग्रुपवर आज नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या ट्रेकची जाहिरात पडली. जुलैतला शनिवार, रात्री ११ ला दादरहून बस, माणशी १,१९९ रुपये, दोन बस भरल्या, तिसरीत थोड्या जागा शिल्लक. खाली एका मुलीनं साधा प्रश्न विचारला, ‘शूज कोणते घेऊ?’ उत्तर आलं, ‘कुठलेही चालतील, सोपा आहे.’ पुढे हसरा चेहरा. सकाळपासून हे उत्तर डोक्यात घोळतंय.

कुठलेही चालत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीत पाय दोन जागी घसरतो आणि दोन्हींची कारणं वेगळी. मातीच्या पायवाटेवर सपाट तळाच्या स्नीकर्सच्या खाचा दहा पावलांत चिखलानं भरतात आणि मग खाचा असून नसल्यासारख्या. तिथे खोल, सुट्या सुट्या खाचांचा रबरी तळ लागतो. कातळावरच्या हिरव्या शेवाळावर मात्र दहा हजारांचे शूजही टिकत नाहीत. तिथे नजर लागते: हिरवं टाळायचं, खरखरीत काळा दगड शोधायचा, पाऊल अख्खं टेकवायचं. नवेकोरे शूज थेट गडावर न्यायचे नाहीत, आधी आठवडाभर घालून फिरायचं. पायाची नखं कापायची, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. उतार लागायच्या आधी घोट्यापाशी लेस पुन्हा आवळायची. एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागतात. पण तिसरी बस भरायची असते ना!

जीन्स नकोच, भिजली की गुडघा वाकत नाही. आणि तो पातळ प्लास्टिकचा पोंचो! वारा शिरला की फुगतो, नाहीतर पुढे लोंबतो आणि स्वतःचं पाऊल स्वतःला दिसत नाही. जॅकेट घ्या. एक कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवा, कारण चढताना घाम येतो आणि माथ्यावर वाऱ्यात थांबलं की दातांवर दात आपटायला लागतात. छत्री घेऊन गडावर येणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता ते ‘सोपा’. पायथ्याच्या निरगुडपाडा गावाहून कातळाच्या पायथ्यापर्यंतची चाल फार अवघड नाही, मान्य. दुसऱ्या बाजूच्या हर्षेवाडी गावाकडून तर आणखी कमी. पण त्यानंतर तो कोरलेला जिना येतो. जवळजवळ उभा, एका माणसापुरता रुंद, कडेला बोटं अडकवायला खोबण्या. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम कातळाला टेकलेले हवेत, चौथाच हलवायचा. उतरताना तोंड कातळाकडे. बरेच जण घाबरून दरीकडे तोंड करून बसत बसत उतरतात, मग पाठीवरची सॅक मागच्या पायरीला अडते आणि माणसालाच पुढे ढकलते. दरवाजातून आत गेलं म्हणजे संपलं असंही नाही. डोक्यावर कातळ आलेल्या अरुंद वाटेनं वाकून जायचं आणि पुढे पुन्हा पायऱ्या.

तीन बस म्हणजे सव्वाशे माणसं. मध्ये अंतर ठेवून अर्ध्या मिनिटाला एक सोडला तरी शेवटचा माणूस जिन्याला लागेपर्यंत तास उलटतो. उतरायला पुन्हा तेवढाच वेळ. जिना एकच, चढणारे-उतरणारे समोरासमोर, आणि रविवारी तिथे तुमचाच ग्रुप थोडाच असतो? मग उभ्या जिन्यात, पावसात, पोटऱ्या थरथरायला लागेपर्यंत ताटकळत राहायचं. हरिहरला मला उंचीची भीती वाटत नाही, या खोळंब्याची वाटते. ज्यानं ‘कुठलेही चालतील’ लिहिलं त्यानं हा हिशेब एकदा तरी मांडला असेल का?

हो, स्वस्तात तरुण मुलं डोंगरात जातात, गावातल्या घरांना जेवणाचे चार पैसे मिळतात. खरंय. पुढे.

शनिवारी रात्री ११ ला बस, पहाटे पायथा, झोप नाही, आणि तसंच चढायचं. संध्याकाळी कसारा घाट उतरवणारा ड्रायव्हर तोच, रात्रभर जागलेला. तो दिवसा कुठे आणि किती तास झोपणार, हे पैसे भरायच्या आधी विचारा. आयोजक गप्प बसतात.

ओढ्यांबद्दल तर जाहिरातीत चकार शब्द नसतो. ‘वाटेत धबधब्यांचा आनंद’ असतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही, वरच्या पठारावर पडला तरी पुरतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला, की फोटो सोडून बाजूच्या उंचावर चढायचं. बॅग उचलायलाही थांबायचं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, पुढे पाठवला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बस भरल्या.

वेगानं वाहणारं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओढा ओलांडायचा नाही. बसायचं. आपले ओढे लहान आणि उताराचे, पाऊस थांबला की बहुतेक वेळा दोनेक तासांत उतरतात. कंबरेला दोर बांधून माणसाला पाण्यात सोडणारे महाभाग असतात. पाय निसटला की तोच दोर त्याला प्रवाहात ताणून धरतो आणि डोकं पाण्याखाली जातं. ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा सोडलेला हवा, पडलात तर सॅक झटकन फेकता येते.

त्या मुलीवर माझा अजिबात राग नाही. तिनं विचारलं तरी, बाकीच्यांनी नुसते अंगठे दिले. आठवडाभर लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला एक दिवस ढगात जाऊन बसावंसं वाटतं, यात काय चुकलं? जा गं, नक्की जा. पण आधी विचार. दहा-बारा जणांमागे एक जाणता माणूस आहे का? तुमच्याबरोबर दोर आहे का, आणि तो लावता येणारं कोण? हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची रस्सी म्हणजे दोर नव्हे. परत फिरायची वेळ ठरलीय का, की ‘सगळ्यांचे फोटो होईपर्यंत’? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक माग. तिथेही हसरा चेहरा आला तर ग्रुपमधून बाहेर पड.

दर पावसाळ्यात कुठे ना कुठे जिल्हाधिकारी गड-धबधब्यांवर जायला सरसकट बंदी घालतात, ती मला पटत नाही. पण असल्या जाहिराती पाहिल्या की त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही.

हरिहरच बघायचाय ना? डिसेंबरात जा, मधल्या वारी रजा टाकून. कातळ कोरडा असतो, जिन्यावर गर्दी नसते आणि वरून त्र्यंबकची डोंगररांग स्वच्छ दिसते. पहाटेच्या लोकलनं कसारा, तिथून जीपनं खोडाळ्यामार्गे निरगुडपाडा. जीप परतीचीही ठरवून घ्या, संध्याकाळी त्या रस्त्याला वाहन मिळेलच असं नाही. पाणी माणशी तीन लिटर घरूनच. आणि टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, जिन्यात दोन्ही हात लागतात.