एक व्हेरिएंट वरचं घ्या ना सर!

नवी गाडी घेणं म्हणजे डोक्याला शॉट आहे नुसता. स्कॉर्पिओ एन आणि एक्सयूव्ही 700, दोन्ही महिंद्राच्याच घरच्या, दोन्हीत 2.2 लिटर डिझेल इंजिन, मग हिचं वरचं व्हेरिएंट (म्हणजे जास्त सोयींची, महागडी आवृत्ती) की तिचं मधलं? मला सनरूफ नको (आपल्याकडच्या उन्हात उघडतंय कोण!), फक्त गाडीच्या चारही बाजू दाखवणारा 360 कॅमेरा हवाय, तर तो एक्सयूव्हीच्या वरच्या व्हेरिएंटलाच, सोबत बारा स्पीकर गळ्यात. बरं स्कॉर्पिओ घ्यावी तर सीटांची तिसरी रांग उघडली की बॅगा मांडीवर. त्यात किंमत वीस लाखांपुढे सरकली की महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स 14 चा 15 टक्के. आणि शोरूमवाला म्हणतो, सर, वरच्या व्हेरिएंटचा फरक हप्त्यात कळणारपण नाही. तुला कशाला कळेल रे, हप्ता मी भरणारे!