‘जेवढे वॅट जास्त, तेवढा खिमा सरस’: त्या फॉरवर्डला उत्तर

घरी खिमा काढायचं विजेवरचं यंत्र कसं निवडावं आणि कसं वापरावं, यावरचा एक लांबलचक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो आधी मावसभावाकडून आला, मग जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, मग आणखी दोन ठिकाणांहून. त्याचा सारांश असा: 1500 वॅटच्या खालचं यंत्र घेऊ नका. मांस खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नरम पडलं की यंत्रावर ताण येत नाही. पातं कसंही बसवलं तरी चालतं. अडकलं तर दट्ट्याने दाबा. घरचा खिमा ताजा, म्हणून रंग बदलला की शिजला समजा. शेवटी ब्रेडचा तुकडा फिरवला की यंत्र आतून साफ.

यातल्या एक सोडून सगळ्या चुका मी स्वतः करून बसलोय. जी केली नाही तिच्याबद्दल खाली सगळ्यात जास्त लिहिलंय.

आधी वॅट. खोक्यावर ठळक छापलेला 1500, 1800 किंवा 2000 चा आकडा बहुतेक वेळा ‘कमाल’ शक्तीचा असतो, आणि ती पुष्कळदा मोटर अडवून मोजलेली असते. म्हणजे मोटरला फिरूच दिलं नाही तर त्या क्षणी ती किती वीज ओढेल, तो हा आकडा. मोटर फिरत असली की फिरण्यामुळेच तिच्यात उलटा दाब तयार होतो आणि तो येणाऱ्या विजेला आवरून धरतो. मोटर अडली की हा आवर सुटतो, प्रवाह उसळतो आणि सगळी वीज तारेची गुंडाळी तापवण्यात जाते. तेव्हा खोक्यावर मिरवणारा आकडा हा यंत्र मांसाचा एक कणही कापत नसतं तेव्हाचा आहे! दुकानात यंत्र उलटं करून बुडाची पट्टी वाचा. तिथे नेहमीच्या कामाचे वॅट वेगळे दिलेले असले, तर घरगुती यंत्रात ते बरेचदा 300 ते 500 च्या घरात असतात. एका कुटुंबाच्या खिम्याला तेवढे पुरतात.

त्याच पट्टीवर कधीकधी ‘केबी 10 मिनिटे’ असं काहीतरी असतं. हे जर्मन शब्दाचं लघुरूप आहे, अर्थ ‘थोडा वेळच चालवायचं’. सलग दहा मिनिटं झाली की बंद करा आणि मोटर निवू द्या. मला विचाराल तर खोक्यावरच्या वॅटपेक्षा ही बारीक अक्षरं यंत्राबद्दल जास्त खरं सांगतात. त्यानंतर बघायचं ते गिअर धातूचे आहेत का, आणि जाळी केवढी आहे. जाळ्यांना नंबर असतात: 5 नंबरची साधारण 54 मिलिमीटर व्यासाची, 8 नंबरची 62, 12 नंबरची 70. घरी 5 किंवा 8 पुष्कळ झालं. नंबर प्रचलित मापाचा असला की पुढे पातं आणि जाळी सुटी मिळायची शक्यता वाढते. यंत्र जुनं होतं ते बरेचदा तिथेच, मोटर धडधाकट असते.

आता पात्याचा मुद्दा. ‘कसंही बसवा’ हे वाचून मला हसू आलं, कारण पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं होतं. यंत्रात मळसूत्र मांस पुढे ढकलतं. त्याच्या टोकाच्या चौकोनी खुंटीवर चार पाकळ्यांचं पातं बसतं, त्यावर भोकांची जाळी आणि सगळ्यावर आवळायची रिंग. पात्याची एक बाजू सपाट, कडांना धार असलेली. दुसरी फुगीर, मधे उंचवटा असलेली. सपाट बाजू जाळीकडे यायला हवी. कारण कापणारं पातं एकटं नसतंच. ही कात्री आहे: एक पातं फिरणारं आणि दुसरं म्हणजे जाळीच्या भोकाची कड. दोन्ही एकमेकांना घासून गेली तरच काप होतो.

मी उलटं बसवलं होतं. भोकांतून मांसाचे सुटे सुटे दोरे यायला हवे होते, आली ती फिकट गुलाबी लगद्याची वेटोळी, टूथपेस्टसारखी. जाळीवर पांढरी चरबी लिंपली गेली होती. मोटरचा आवाज जड झाला, मागोमाग तापलेल्या वार्निशचा वास आला. खोलून बघतो तर पात्यामागे चिवट पापुद्रे सुतासारखे करकचून गुंडाळलेले. यंत्र खराब निघालं म्हणून मी ते परत करायला निघालो होतो, पण बायकोने माहितीपुस्तिकेतलं चित्र काढून समोर धरलं.

रिंग सैल राहिली तरी जवळजवळ हेच होतं. हाताने घट्ट आवळा, पाना लावू नका. आणि रिकामं यंत्र फिरवू नका. मांसाचा ओलावा नसला की पातं जाळीवर कोरडं घासतं, धार जाते आणि करडी भुकटी सुटते. ती भुकटी खिम्यात जाते हे वेगळं सांगायला नको.

‘मांस खोलीच्या तापमानाला आणा’ हा सल्ला सरळ उलटा आहे. नरम मांसाने ताण कमी होत नाही, वाढतो. गार चरबी कडक असते म्हणून कापली जाते. कोमट चरबी कापली न जाता पसरते, भोकं बुजवते आणि मागचं मांस तुंबतं. बोटभर जाडीच्या पट्ट्या किंवा चौकोनी तुकडे करा, ताटात एकमेकांना न चिकटता पसरा आणि अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा कडक, पण मधे बोट दाबलं तर किंचित दबतंय, अशी अवस्था हवी. पार दगड झालेलं मांस घालू नका, त्याने गिअर तुटतात. मळसूत्र, पातं आणि जाळीही त्याच वेळी फ्रीजरमध्ये जाऊ द्या. धातू गार असला की पहिला घाससुद्धा स्वच्छ कापून येतो.

दट्ट्याने दाबण्याबद्दल थोडक्यात. दट्ट्या मांस मळसूत्रापर्यंत पोचवायला असतो, ठासून भरायला नव्हे. घरगुती यंत्रात अडकतो तो बहुधा पांढरा चिवट पापुद्रा, म्हणून तो आधीच सुरीने काढा. तरी अडकलं तर बंद करा, मोटर पूर्ण थांबू द्या, दोन-तीन सेकंद उलटं फिरवा. नाहीच सुटलं तर प्लग काढून खोला. काही यंत्रांत मोटर आणि मळसूत्र यांच्यामध्ये प्लास्टिकचा जोड मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, जोर झाला की तो तुटतो आणि मोटर वाचते. तो तुटला म्हणून कंपनीला शिव्या घालणारे बरेच भेटतात, पण त्याने आपलं काम केलेलं असतं. हाडं घालू नका. बोट तर अजिबात नाही.

राहिली ती मी न केलेली चूक: ‘घरचा खिमा, रंग बदलला की शिजला’.

अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते मुख्यतः पृष्ठभागावर असतात. तो तव्यावर चारही बाजूंनी भाजला की बाहेरचे मरतात. खिमा काढताना आपण तोच पृष्ठभाग हजार ठिकाणी कापून आत मिसळतो. बाहेर होतं ते आता प्रत्येक गोळ्याच्या पोटात असतं. यंत्र घरचं की दुकानातलं याने इथे काही फरक पडत नाही. 1993 साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ157:एच7 हा जंतू पसरला. 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर 1994 मध्ये तिथल्या कृषी खात्याने हा जंतू सापडलेला कच्चा गोमांसाचा खिमा भेसळयुक्त ठरवला. नियम कापलेल्या तुकड्यांसाठी नव्हे तर खिम्यासाठी झाला, यातच फरक कुठे आहे ते कळतं.

रंगावरही भिस्त नको. काही वेळा खिमा पुरेसा तापायच्या आधीच आतून तपकिरी होतो, तर कधी पुरेसा शिजूनही गुलाबी राहतो. डोळ्याला ते कळत नाही, सुईचा थर्मामीटर लागतो. गोळ्याच्या मधोमध 71 अंश सेल्सिअस, कोंबडीचा असेल तर 74. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीजरमध्ये. 5 ते 60 अंशांमधलं तापमान जंतूंच्या वाढीला सोयीचं, म्हणजे ‘खोलीच्या तापमानाला आणा’ हा सल्ला इथेही नडतो.

त्या मजकुरात घरचा खिमा ताजा असतो असं म्हटलंय, आणि एवढं मात्र मान्य. कुठला तुकडा घेतला, चरबी किती ठेवली, कधी काढला, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. त्यासाठीच तर यंत्र घ्यायचं. पण ताजा म्हणजे निर्जंतुक नव्हे.

ब्रेडचं म्हणाल तर युक्ती खोटी नाही, तिचा अर्थ चुकीचा लावलाय. ब्रेडने मळसूत्रात अडकलेला शेवटचा मूठभर खिमा बाहेर येतो, एवढंच. चरबीचा थर आणि मांसाचा रस जिथल्या तिथे राहतो. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करा, साबण आणि गरम पाण्याने धुवा, जाळीची भोकं ब्रशने घासा. डिशवॉशरच्या पावडरीने ॲल्युमिनियमचे भाग काळवंडतात आणि हाताला करडा रंग सोडायला लागतात, तेव्हा ते हातानेच धुतलेले बरे. पातं स्टेनलेसचं नसेल तर धुतल्या धुतल्या पुसा, खाण्यायोग्य तेलाचा पुसट हात फिरवा. पातं आणि जाळी वापरता वापरता एकमेकांना घासून जुळतात, म्हणून दोन जाळ्या असतील तर प्रत्येकीचं पातं वेगळं ठेवा.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगायला घेतलं. तो वॅटवर वाद घालत राहिला, म्हणून शेवटी पात्याचा फोटो पाठवला, सपाट बाजू वर करून. बऱ्याच वेळाने त्याचा मेसेज आला, “अरे, ही बाजू जाळीकडे? माझं वर्षभर उलटंच आहे.”