मिठी खरी होती, वैर संपल्याची गोष्ट अर्धीच

दर काही महिन्यांनी तो मेसेज फिरून फिरून परत येतो. विमानतळावर दोन नेते एकमेकांना मिठी मारताहेत असा फोटो, आणि खाली मजकूर: इथिओपिया आणि एरिट्रिया वीस वर्षं एकमेकांचे वैरी. एका ओसाड गावावरून भांडत होते. मग २०१८ मध्ये एक तरुण पंतप्रधान आला, त्यानं नवा तोडगा काढला, शेजारच्या राष्ट्राध्यक्षाला मिठी मारली, वैर संपलं, सीमा उघडली, नोबेल मिळालं. शेवटी ठरलेली ओळ: ‘आपल्याकडच्यांना हे का जमत नाही?’

फोटो खरा आहे. ८ जुलै २०१८, एरिट्रियाची राजधानी अस्मारा, तिथला विमानतळ, इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद आणि एरिट्रियाचे राष्ट्राध्यक्ष इसायस अफवर्की. मजकूर मात्र अर्धा खरा आहे. निव्वळ थाप असती तर एका ओळीत उडवता आली असती. इथे एकेक दावा सुटा करून बघावा लागतो.

‘एका ओसाड गावासाठी भांडत होते.’

ते गाव बडमे. मे १९९८ मध्ये तिथे पहिली चकमक झाली, आणि पुढच्या दोन वर्षांत किमान सत्तर हजार माणसं मेली असा अंदाज दिला जातो. पण गाव ही ठिणगी होती, दारू आधीच साठली होती. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा सगळा समुद्रकिनारा त्याच्याबरोबर गेला. तरी एरिट्रियाच्या असाब बंदरातून माल येत होता आणि दोन्हीकडे एकच चलन चालत होतं, बिर. १९९७ मध्ये एरिट्रियानं आपलं नाकफा काढलं आणि ते बिरच्या बरोबरीनं चालावं असं म्हटलं. इथिओपियानं ते धुडकावलं आणि मोठा व्यवहार परकीय चलनात करायचा नियम लावला. कालपर्यंत सीमेपलीकडच्या बाजारात धान्य विकून त्याच नोटा घेऊन घरी येणाऱ्या माणसाच्या हातात एका रात्रीत परक्या देशाचं चलन आलं. त्यानंतर सहा-सात महिन्यांत तोफा सुरू झाल्या.

युद्ध पेटल्यावर इथिओपियानं एरिट्रियन मुळाच्या सुमारे पंच्याहत्तर हजार लोकांना देशाबाहेर काढलं. एरिट्रियातूनही इथिओपियन लोकांना जावं लागलं. बाप इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, आई आणि मुली अस्मारात, अशी घरं फुटली. ‘ओसाड गाव’ म्हटलं की ही घरं हिशोबातून गळतात.

‘अबींनी नवा तोडगा काढला.’

तोडगा सोळा वर्षांचा जुना होता. १२ डिसेंबर २००० ला अल्जियर्समध्ये करार झाला, सीमा आयोग नेमला गेला, आणि त्याचा निकाल अंतिम आणि बंधनकारक राहील असं दोन्ही देशांनी आधीच लिहून दिलं. १३ एप्रिल २००२ ला निकाल लागला. बडमे एरिट्रियाच्या वाट्याला गेलं. इथिओपियानं आधी निकालाचं स्वागत केलं, मग नकाशा नीट वाचला आणि काढता पाय घेतला. आयोगानं कित्येक वर्षं वाट बघून २००७ मध्ये सीमा कागदावरच आखली आणि गाशा गुंडाळला. जमिनीवर खांब रोवलेच गेले नाहीत, बडमे इथिओपियाच्याच ताब्यात राहिलं.

५ जून २०१८ ला अदिस अबाबातल्या सत्ताधारी आघाडीनं जाहीर केलं की हा निकाल आम्ही पूर्ण मान्य करतो. एवढंच, पण हे सोपं नव्हतं. बडमेतले लोक लगेच रस्त्यावर उतरले. ज्या जमिनीसाठी पोरं मेली ती आता सोडून देणार का, हा त्यांचा प्रश्न होता. तो रोष अंगावर घेतला याचं श्रेय मी अबींना देतो. मात्र पडद्यामागे संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया कधीपासून खटपट करत होते. सप्टेंबरातल्या करारावर सह्या झाल्या त्या जेद्दाला, राजे सलमान यांच्यासमोर. तो फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘दुरावा मिटला, सीमा उघडली.’

हा दावा मला सगळ्यात अवघड जातो, कारण यात खरं पुष्कळ आहे. फोन सुरू झाले तेव्हा लोकांनी काय केलं माहीत आहे? समोरच्या देशाचा कोड फिरवून पुढे सुचेल तो नंबर लावला. पलीकडे कुणीही अनोळखी माणूस उचलायचा आणि दोघं एकमेकांची खुशाली विचारायचे. १६ जुलैला अदिस अबाबातला एरिट्रियाचा दूतावास उघडला तेव्हा आत वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या आणि सामान धुळीत तसंच पडलेलं होतं. १८ जुलैला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान अस्माराला निघालं आणि लोक दोन रांगांमधल्या वाटेत नाचले. उतरल्यावर बापलेकींनी एकमेकांना ओळखायलाच वेळ घेतला असेल, कारण जाताना त्या मुली लहान होत्या. हे सगळं नाटक होतं असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

११ सप्टेंबरला, इथिओपियाच्या नववर्षाच्या दिवशी, बुरे आणि झालाम्बेसा इथली सीमा उघडली. ट्रक सुटले. सिमेंट, टेफ नावाचं धान्य, इंधन वर अस्माराकडे गेलं, तिथले भाव उतरले. पण जकात कोण घेणार, नाकफाचा बिरशी भाव काय, कोणता कागद दाखवून पलीकडे जायचं, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आणि उलट्या दिशेनं हजारो एरिट्रियन तरुण आले ते परत न जाण्यासाठी. त्यांच्याकडे सक्तीची राष्ट्रीय सेवा कायद्यानं अठरा महिन्यांची. युद्धानंतर तिला शेवटच उरला नाही. ‘शेजारी वैरी आहे’ हे तिचं कारण. आता शेजारी मित्र झाला, तरी सेवा चालूच राहिली.

डिसेंबरअखेर झालाम्बेसाला एरिट्रियाच्या शिपायांनी परवाने मागायला सुरुवात केली. एप्रिल २०१९ पर्यंत एकेक करत सगळ्या वाटा बंद. कारण कुणी जाहीरपणे सांगितलंच नाही. जुलैच्या पाच कलमी घोषणापत्रात सीमानिकालाची अंमलबजावणी हेही कलम होतं. तेवढं एक कलम कागदावरून हललं नाही.

‘नोबेल मिळालं.’

मिळालं, ऑक्टोबर २०१९ मध्ये, एकट्या अबींना. त्या दिवशी रस्त्यानं सीमा ओलांडता येत नव्हती.

आणि मेसेज इथेच संपतो हे खरं गौडबंगाल आहे. दोन्ही राजधान्यांना जोडणारा आणखी एक धागा होता: इथिओपियाच्या उत्तरेकडच्या टिग्राय प्रांतातल्या टीपीएलएफ (टिग्राय पीपल्स लिबरेशन फ्रंट) या पक्षाबद्दलचा राग. याच पक्षानं जवळपास तीन दशकं इथिओपियावर राज्य केलं, एरिट्रियाशी युद्धही त्याच्याच काळात झालं, आणि सीमेचा सगळ्यात वादग्रस्त पट्टा त्याच्याच प्रांतात. म्हणजे करार झाला दोन राजधान्यांत आणि ज्यांच्या दारातून सीमा जाते ते बैठकीतच नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रायमध्ये युद्ध पेटलं तेव्हा एरिट्रियाच्या फौजा अबींच्या बाजूनं आत शिरल्या. अनेक महिने दोन्ही सरकारं ते नाकारत राहिली. मार्च २०२१ मध्ये अबींनी संसदेत कबूल केलं. बडमेचा ताबा एरिट्रियाकडे गेला तो आयोगाच्या निकालानं नव्हे, त्या युद्धात.

२ नोव्हेंबर २०२२ ला प्रिटोरियात अबींच्या सरकारनं टीपीएलएफशी तह केला. एरिट्रिया त्यात नव्हता, आणि त्याला तो रुचलाही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अबींनी लाल समुद्राची वाट हा देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न असल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि अस्मारात त्याचा अर्थ एकच लावला गेला: असाब. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानंही थांबली. पैशांच्या वादात एअरलाइन्सचं खातं गोठवलं गेलं होतं.

‘आपल्याकडच्यांना हे का जमत नाही?’

जमलेलं आहे. १९७१ च्या युद्धात तुटलेले भारत-पाकिस्तानचे राजनैतिक संबंध १९७६ मध्ये पुन्हा जोडले गेले, त्याच वर्षी जुलैत समझोता एक्सप्रेसही सुरू झाली. पुढचं तुम्हाला पाठ आहे. दूतावास उघडणं आणि शेजार नांदणं ही दोन वेगळी कामं आहेत; पहिलं एका सहीनं होतं.

झालाम्बेसाचं मात्र राहिलंच. १९९८ च्या युद्धात ते गाव पार मोडलं, पुन्हा उभं राहिलं, २०१८ मध्ये तिथे नेत्यांनी सीमा उघडली, २०२० नंतर पुन्हा मोडलं. जून २०२५ मध्ये तिथला रस्ता आणखी एकदा खुला झाला. या वेळी समारंभ दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांनी केला, टिग्रायच्या आणि एरिट्रियाच्या. अदिस अबाबाच्या सरकारची त्याला संमती नव्हती.